आज पहाऱ्यावर कोण?

देवपूर, धुळे
कानबाई झाली, पोळा यायचा आहे

परवा तू फोनवर विचारलंस, "काय विशेष?" आणि मी म्हटलं, "काही नाही गं, नेहमीचंच." तेवढ्यात तुझी मीटिंग लागली आणि तू गेलीस. मग कणीक मळता मळता मला एकेक विशेष आठवायला लागलं. ते एवढं निघालं की सरळ पत्रच लिहायला घेतलंय. हाताने नाही, घाबरू नकोस. माझं अक्षर तुला आजवर कधी लागलेलं नाही, हे माझ्या चांगलं लक्षात आहे. टाइप करते आहे. पण वाचायचं मात्र पत्र म्हणून, पायरीवर उन्हात बसून, चहा घेऊन. ऑगस्टात ऊन खात बसायचं! काय देश निवडलास, बाई.

आधी घरच्या बातम्या. सासूबाई ठणठणीत आहेत आणि माझ्या कळण्याच्या भाकरीला अजून पैकीच्या पैकी गुण देत नाहीत. हे निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या जागा बदलत सुटलेत. सगळं 'सोयीचं' करतायत म्हणे. परवा हिंग सापडेना म्हणून मला यांना बाजारात फोन करावा लागला. फोडणी तडतडतेय आणि हे तिकडून सांगतायत, "डावीकडून तिसरा डबा, त्याच्या मागे." भावाचा निरोप आहे की रावेरकडे केळी बरी आहे, भावाचं मात्र विचारायचं नाही. पाऊस पडतोय. इतका नाही की पांझरेला बघायला जावं, इतका आहे की कपडे वाळत नाहीत.

यंदा कानबाईला सगळी भाऊबंदकी आमच्याकडे होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत न्यायची, आणि मधल्या वेळात घरातल्या कुणाला स्वतःची अशी उशी मिळत नाही. रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या हिशोबाने मोजतात, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी 'मोजायचा राहिला' म्हणून रुसवा होतोच. यंदा राहिला तो पुण्याच्या पुतण्याचा तान्हा मुलगा. बाळ शांत झोपलं होतं. रुसली ती त्याची आजी. तिची समजूत काढण्यात मध्यरात्र झाली. आणि पहाटे डोळा लागतो न लागतो तोच मागच्या अंगणात असा कालवा उठला की आतला सगळा गोतावळा खडबडून जागा झाला. सासूबाई झोपेतच म्हणाल्या, "आखो कोन उनं व माय?"

पाहुणे नव्हते. सातभाई होते.

हसू नकोस. तुला सांगते, गेले कित्येक महिने या सातभाईंनी मला नादी लावलंय. तू म्हणशील, सातभाई? ते मातकट, विस्कटलेले, सदा भांडल्यासारखे बोलणारे? हो, तेच. आपण जळगावला एम.जे. कॉलेजात असताना ग्रंथालयामागच्या कडुनिंबाखाली जे दिवसभर पाला उपसत बसायचे आणि ज्यांना तू 'विद्यार्थी संघटना' म्हणायचीस, तेच.

त्याचं असं झालं. पुतण्याचे दोन मित्र उन्हाळ्यात आले होते, खांद्यावर केवढाले कॅमेरे घेऊन. त्यांना यावलच्या जंगलात जाऊन रानपिंगळा बघायचा होता. तुला आठवत असेल, 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला होता. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे अमेरिकेहून त्याच्या शोधात आले आणि 113 वर्षं कुणाला न दिसलेलं घुबड त्यांना आपल्या सातपुड्यात दिसलं. तेव्हा शहादं आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार पुढच्या वर्षी वेगळा झाला. तर ही मुलं पहाटे उठून गेली, दुपारी उन्हाने करपून परत आली, आणि जेवायला बसली तर अंगणात सातभाई उतरले. मी कौतुकाने म्हटलं, "ते बघा." ताटातून मान वर न करता एकजण म्हणाला, "काकू, ते तर पुण्यात पण आहेत."

मला काय राग आला म्हणून सांगू! पुण्यात पण आहेत म्हणजे काय? आमटीही पुण्यात मिळते, तरी त्याने दोनदा मागून घेतली. त्या दिवसापासून मी हट्टाने सातभाईंकडे बघायला लागले. तुला माझा हट्ट ठाऊक आहे. त्यातूनच तर आपली मैत्री झाली.

आपल्याकडे यांचे तीन प्रकार सहज दिसतात. घराच्या आसपास, झाडीत असतो तो रानसातभाई. अंग मातकट, चोच पिवळसर, आणि डोळा असा फिकट की हा सारखा कुणावर तरी रागावलाय असं वाटावं. गंमत म्हणजे पिलांचा डोळा काळसर असतो, तो वयाबरोबर फिकट होत जातो. म्हणजे तो रागीट चेहरा जन्माचा नाही, कमावलेला आहे. (हे मी यांना वाचून दाखवलं. ते माझ्याकडे बघून नुसते हसले. असो.) दुसरा मोठा करडा. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 28 सेंटिमीटरच्या आसपास, उडताना शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या चमकतात, आणि 'कें कें कें' असा नाकातून सूर. त्याला आपला कोरडा माळ फार मानवतो. लळिंगच्या पायथ्याला, सोनगीरच्या वाटेवर, बाभळीखाली बघावं तेव्हा हजर. आणि तिसरा सगळ्यांत लहान. अंगावर रेघा, लांब शेपटी, कुंपणाच्या कडेने तुरुतुरु पळणारा आणि बारीक शिट्टी घालणारा.

त्या मोठ्या करड्याचं तुला एक सांगते, तुझा इतिहास पक्का म्हणून. 1832 साली कर्नल साइक्सने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत हिंडायचा आणि त्यात आपला खानदेशही होता. पक्ष्याला नाव दिलं सर जॉन माल्कमचं, जो थोडा आधी मुंबईचा गव्हर्नर होता. आणि माल्कम म्हणजे कोण? 1818 च्या जूनमध्ये अशीरगडाजवळ दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, तो. रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर, बुऱ्हाणपूरच्या पुढे अशीरगड. आपल्या दारातच की गं! पेशवाई जिथे आटोपली, त्याच मुलखात तिला आटोपणाऱ्या साहेबाचं नाव लावून हे पठ्ठे आता वाळलेलं शेण उलटून त्याखालचे किडे खातायत. इतिहासाच्या बाईंनी हे सांगितलं असतं तर मी त्या तासाला जागी राहिले असते.

बरं, त्यांचं जगणं बघ. एकटा सातभाई सहसा दिसायचा नाही. सातच असतात असंही नाही. कधी पाच, कधी बारा. सकाळी लिंबाच्या बुंध्यापासून सुरुवात होते. पानं उलटायची, खालचे किडे वेचायचे, दोन उड्या पुढे, पुन्हा पानं. पंख आखूड, त्यामुळे उडणं यथातथाच. एकाने कुंपण ओलांडलं की दुसरा, मग तिसरा, एकामागून एक, थोडं फडफडत थोडं तरंगत. शेवटचा नेहमी मागे राहतो आणि मग ओरडत धावतो. (कुणाची आठवण आली ते लिहीत नाही. एस.टी. तुझ्यासाठी किती वेळा थांबवलीय ते तुझं तुला माहीत.) दुपारी उकाडा वाढला की सगळे फांदीवर खेटून बसतात, एकमेकांची मान चोचीने विंचरतात. ज्याची विंचरली जातेय तो डोळे मिटून, पिसं फुगवून असा काही बसतो की मलाच पेंग येते. आणि रात्री झोपताना एका ओळीत. कडेच्याला गार लागतं की काय कोण जाणे, तो उठतो, दुसऱ्यांच्या पाठीवरून येऊन मधे घुसतो. मग नवा कडेचा उठतो. कानबाईच्या रात्री आमच्या दिवाणखान्यात हेच चाललं होतं, फक्त चादरी होत्या.

पण मला खरी भूल पडली ती वेगळ्याच गोष्टीची. टोळी खाली पाल्यात गुंतलेली असते तेव्हा एकजण शेवग्याच्या शेंड्यावर बसलेला असतो. खात नाही, पिसं साफ करत नाही. नुसता इकडेतिकडे बघत असतो. थोड्या वेळाने तो खाली येतो आणि दुसरा वर जातो. आधी मला वाटलं, योगायोग. मग कळलं, नाही. तो पहारा असतो.

इस्रायलमध्ये अमोत्स झहावी नावाचे एक शास्त्रज्ञ होते. वाळवंटात हात्झेवा म्हणून जागा आहे, तिथे त्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपल्या सातभाईंच्या चुलत भावंडांचा, अरबी सातभाईंचा, अभ्यास केला. पक्षी इतके सरावलेले की माणसं शेजारी बसून नोंदी करायची. झहावींचं म्हणणं असं की पहारा हा त्या पक्ष्यांना त्रास वाटतच नाही, तो मान वाटतो. पहाऱ्यावरच्याला खाली उतरवून आपण चढायला ते धडपडतात. दुसऱ्याला घास भरवणं हासुद्धा मोठेपणा. हाताखालच्याने वरच्याला भरवायला जावं तर कधी कधी चोचीचा मार बसतो! हे वाचलं आणि मला तुझी जळगावची मावशी डोळ्यांसमोर दिसली. पंगतीत भरताचं पातेलं तिच्या हातून काढून घेण्याची कुणाची हिंमत झालीय का आजवर? "तू बस गं, मी वाढते," यात माया किती आणि सत्ता किती, हे मला कधी उलगडलं नाही. झहावी जळगावात, मेहरुणला राहिले असते तर त्यांना एवढ्या लांब वाळवंटात जावं लागलं नसतं.

पण शास्त्रज्ञसुद्धा टोळीनेच राहतात आणि तेही भांडतात. 2001 साली जोनाथन राइट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच अरबी सातभाईंवर लिहिलं की मानबिन काही नाही, ज्याचं पोट भरलेलं असतं तो वर जाऊन बसतो. वर बसलेल्याला धोका सगळ्यांत आधी दिसतो, म्हणजे ती जागा त्याच्याही फायद्याची. मला विचारशील तर दोन्ही खरं असेल. पोट भरल्याशिवाय मोठेपणा कुणाला सुचतो?

पहाऱ्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. परवा भर दुपारी सगळी टोळी मेंदीच्या कुंपणाभोवती जमली, पंख फुलवून, शेपट्या आपटत, आणि ओरडा असा की शेजारच्या वैनी लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. बघतो तर कुंपणात लांबलचक धामण. वैनींनी लाटणं तिथेच टाकलं. यांनी सर्पमित्राला फोन केला आणि तो येईपर्यंत धामणीवर लक्ष ठेवायचं काम सातभाईंनीच केलं. ती जिकडे सरकेल तिकडे वरून सगळे ओरडत. तो मुलगा आला, म्हणाला, "काकू, बिनविषारी आहे, उंदीर खाते, राहू द्या हवं तर." वैनी म्हणाल्या, "तुझ्या घरी राहू दे." सासूबाईंचा शेरा मात्र सातभाईंवर: "ह्या भाऊ दिनभर कालवा करतस, आज तेवढं काम करं." त्यांच्याकडून हे प्रशस्तिपत्रक समज.

दुसरीकडे याच शूरांपैकी एकाने यांच्या स्कूटरच्या आरशाशी वैर धरलंय. रोज सकाळी येतो, आरशात दिसणाऱ्या परक्या सातभाईला बघून खवळतो, चोची मारतो आणि वर घाण करून जातो. यांनी आरशाला जुना मोजा घातला. तर आता मोजा काढायचं विसरून हे तसेच बँकेत जातात आणि वाटेत लोक हसतात ते का, हे घरी येऊन मला विचारतात.

आता तुला आवडेल अशी गोष्ट. जुलैपासून आमच्या टोळीत एक भलतंच पोर आहे. सातभाईंपेक्षा अंगाने मोठं, छातीवर गडद ठिपके, आणि भूक अशी की दिवसभर किंचाळत यांच्यामागे. एक भरवून दमला की दुसरा भरवतो. ते पावश्याचं पोर! पावश्या घरटं बांधत नाही; मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. दोघांचीही अंडी निळी, तेव्हा ओळखायचं तरी कसं? चातकसुद्धा हेच करतो. आफ्रिकेहून पावसाबरोबर यायचं आणि पोर सातभाईंच्या पदरात टाकायचं. म्हणजे बघ, 'पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याला हाक घालणारा पावश्या, मेघाकडे डोळे लावणारा, कवींचा लाडका चातक, दोघेही लहानाचे मोठे झाले ते या धुळकट लोकांच्या हातचं खाऊन. कविता त्यांच्यावर, आणि भरवायचं यांनी. आसोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीचं नाव घरोघरी नेलं. सातभाईंना तशी कुणी भेटली नाही. तू कॉलेजच्या अंकात कविता लिहायचीस ना? बघ काही जमलं तर. 'संध्याछाया'सारखं शीर्षक मात्र देऊ नकोस.

अँथनी गॅस्टन नावाच्या अभ्यासकाने 1970 च्या दशकात दिल्लीत या रानसातभाईंच्या टोळ्यांचा माग काढला होता, आणि त्याच सुमाराला बडोद्यालाही त्यांच्यावर काम झालं. टोळीत अंडी घालणारी जोडी एखादीच असते, बाकीचे मदतनीस: मोठी भावंडं, काका. अशा घरांत मुलगे बहुतेक राहतात आणि मुली उडून दुसऱ्या टोळीत जातात. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि आखाजीचे दिवस आठवत बसले. कडुनिंबाला झोका, गौराईची गाणी, आणि माहेरी आलेल्या सगळ्यांचा तो एकाच वेळी बोलण्याचा कार्यक्रम. पण लगेच सांगते, सातभाईंच्या नावाने एकत्र कुटुंबाचं गोड गाणं गाणाऱ्यांपैकी मी नाही. मी त्यात नांदलेय. शेजारच्या टोळीशी हद्दीवरून यांची जी हाणामारी होते, ती बघितलीस तर तुला आपल्याकडचा बांधाचा तंटा किरकोळ वाटेल.

तुझ्याकडे तर याहून कहर आहे! तुझ्या कॅनबेरातच, त्या मोठ्या वनस्पती उद्यानात, कावळ्याएवढे काळे पक्षी टोळीने पाला उकरताना तुला दिसतील. उडाले की पंखात पांढरा पट्टा दिसतो आणि डोळे लालभडक. पांढऱ्या पंखांचे चफ म्हणतात त्यांना. मातीचं वाडग्याच्या आकाराचं घरटं बांधतात. नुसत्या जोडीला पिलं वाढवणं झेपतच नाही, मदतनीस लागतातच. मग मदतनीस कमी पडले तर काय करतात? शेजारच्यांचं पोर पळवतात! पंख पसरून, शेपटी नाचवून त्याला भुलवतात, आपल्यात घेतात, वाढवतात, आणि पुढे ते यांच्याच घरी राबतं. रॉबर्ट हाइनसोन यांनी 1991 साली हे लिहिलं. पुढे 1997 मध्ये आणखी एक भानगड उघडकीला आली. काही तरुण मदतनीस पिलाच्या तोंडाशी घास नेतात, आजूबाजूला कुणी बघत नाही असं दिसलं की स्वतःच गिळतात. मला त्यांचा राग येईना. मंगळवारच्या उपासाला नैवेद्याचा पेढा आत नेता नेता तू काय करायचीस, ते देवाला आणि मला माहीत आहे.

आणि ऐक, डीएनएच्या अभ्यासातून असं निघालंय की जगातल्या सगळ्या गाणाऱ्या पक्ष्यांचं मूळ घराणं ऑस्ट्रेलियाकडचं. तिथून ते जगभर पांगले. म्हणजे आमचे सातभाई मूळचे तुमच्याकडचे आणि तू मूळची आमच्याकडची. साटंलोटं झालं म्हणायचं. शास्त्राच्या हिशोबात सातभाई गाणाऱ्या पक्ष्यांतच मोडतात बरं का. संगीताच्या प्रवेशिकेचं प्रमाणपत्र तुझ्याकडेही आहे, त्यामुळे मी यावर अधिक बोलत नाही.

आता जे सांगायला हे सगळं रामायण लावलं, ते सांगते.

दक्षिण आफ्रिकेत, कालाहारीच्या वाळवंटात, काळ्यापांढऱ्या रंगाचे सातभाई आहेत. तिथला पहारेकरी वर बसून हलक्या आवाजात सारखं काहीतरी बोलत राहतो. तो धोक्याचा इशारा नसतो. 'मी आहे, बघतोय' एवढंच. अभ्यासकांनी हा आवाज ध्वनिमुद्रित करून टोळीला ऐकवला. तो कानावर असताना खालच्यांचं पुनःपुन्हा मान वर करून बघणं कमी झालं आणि त्यांना जास्त अन्न मिळालं. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. मी ते दोनदा वाचलं. म्हणजे पाल्यात चोच घालायची तर डोकं खाली न्यावं लागतं, आणि डोकं खाली गेलं की जग दिसत नाही. वर कुणीतरी आहे, हे ऐकू आलं तरच माणूस... पक्षी गं, पक्षी... निर्धास्त खाली बघू शकतो.

आई जळगावला दवाखान्यात होती, ते दिवस आठव. रात्री अकराला मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसायची आणि तुझा फोन यायचा. तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन. तू धीर दिला नाहीस, अध्यात्म सांगितलं नाहीस, आठवणी काढल्या नाहीत. "जेवलीस का? औषधाची चिठ्ठी कुठे ठेवलीस? मी जागी आहे, तू जरा पड." एवढंच रोज. मी फोन उशाशी चालू ठेवून झोपायची, आणि तुझ्या स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज येत राहायचा. तेव्हा मला वाटलं होतं की तू बोलायला लाजतेस, किंवा तुला सुचत नाहीये. त्या दिवसांबद्दल आपण नंतर बोललोच नाही. मीही 'थँक्यू' म्हटलं नाही, आणि आताही म्हणणार नाही, कारण तू चिडशील. पण तू नेमकं काय करत होतीस, ते मला शेवग्याच्या शेंड्यावरच्या त्या मातकट पक्ष्याने सांगितलं.

आणि ही तुझी जुनीच खोड आहे. वर्गात शेवटच्या बाकावर तू ताठ बसायचीस, फळ्याकडे बघत, अगदी गुणी बाळ. मी तुझ्याआड मान खाली घालून कादंबऱ्या वाचायची. सर वळले की तुझं कोपर. अर्धं मराठी साहित्य मी तुझ्या कोपराच्या भरवशावर वाचलंय.

आई गेल्यावर जळगावची वाट बदलली. पारोळा, एरंडोल मागे टाकत गाडी आता चौपदरी रस्त्यावरून भुर्रकन जाते, पण पोहोचल्याचा फोन कुणाला करायचा, हे एरंडोलच्या पुढे गेल्यावर दरवेळी सुचेनासं होतं. मी यांना करते. हे म्हणतात, "बरं." हे चांगले आहेत, पण 'बरं' म्हणजे पहारा नव्हे.

आता तुझं. परवा फोन ठेवता ठेवता तू घाईघाईत म्हणालीस, ऑफिसात माणसं कमी करतायत, लेक शिकायला मेलबर्नला निघालीय, आणि झोप नीट लागत नाही. तीन वाक्यं बोललीस आणि वर "चालायचंच" म्हणून हसलीस. मी तुला किती वर्षं ओळखते? ते 'चालायचंच' मला पुरतं कळतं. तर आता पाळी माझी. पोट भरलेलं आहे, वेळ आहे, आवाज तर देवाने भरपूर दिलाय. तू खुशाल मान खाली घालून ते अर्ज भर, मुलीच्या बॅगा भर, रडायचं असेल तर रड. मी पहाटे साडेचारला उठतेच, सासूबाईंच्या काढ्यासाठी. तेव्हा तुझे सकाळचे नऊ. ऑफिसला निघताना फोन लाव आणि खिशात टाक. मी काही विचारणार नाही. भांडी घासत, यांच्यावर ओरडत, सासूबाईंशी हुज्जत घालत इकडे असेन. तुला ऐकू येईल.

तुझीच,
मी

ता. क. १: कळण्याचं पीठ आणि शेवभाजीचा मसाला पाठवायचा तर तुमचे विमानतळावरचे लोक काय काय अडवतात, ते नीट विचारून कळव. मागच्या वेळी माझ्या पापडांची चौकशी झाली, ते मी विसरलेले नाही.

ता. क. २: त्या उद्यानात जाऊन चफांची टोळी शोध आणि सविस्तर लिही. 'छान होते' एवढं लिहिलंस तर मी तुझा तो पेढ्याचा प्रकार तुझ्या लेकीला सांगेन. ती आता मेलबर्नला एकटी राहणार, तिला मावशीच्या फोनची गरज पडेलच, आणि मला विषय हवेतच.